गंगापूर धरणावरच्या होड्यांसाठी सिग्नलचे बावटे शिवायचे आहेत, जाणकारांनी मार्गदर्शन करावे

सुईदोरा (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी.

सासूबाईंच्या काळापासून आमच्या घरी ध्वज-पताका शिवायचं काम आहे. देवळाच्या कळसावरचे, दिंडीचे, वणीला जाणाऱ्या पदयात्रेचे, कुंभात आखाड्यांचे. भगवा, मग तो त्रिकोणी असो की दोन टोकांचा, मोजपट्टी न लावता कापते.

आता एक वेगळं काम आलंय. गंगापूर धरणावर मुलांना शिडाची होडी शिकवणारे एक गृहस्थ आहेत. समुद्रावर जहाजं जे रंगीत बावटे लावतात त्यांचा पूर्ण संच त्यांना शिवून हवाय, चाळीस नग. बाजारात तयार मिळतात, पण ते छापील. एका अंगाने रंग उठतो आणि दुसऱ्या अंगाने फिका पडतो. त्यांना कापड जोडून केलेले हवेत. डिसेंबरात मुलांची शर्यत आहे, तोवर द्यायचेत.

त्यांनी दिलेला तक्ता समोर ठेवून कागदावर बेतायला बसले आणि एकेक अडचण दिसायला लागली. पिवळ्यावर मधोमध काळा गोल आहे, तो दोन्ही अंगांनी दिसायला हवा का? एक बावटा कर्णावर कापलेला आहे, अर्धा लाल आणि अर्धा पिवळा. तिथे कापड उरेब जाणार, म्हणजे शिवणीला ओढ बसून चौकोन वाकडा होणार. निळ्यात पांढरा चौकोन आणि पांढऱ्यात निळा चौकोन असे दोन वेगळे आहेत. मधला चौकोन लहानमोठा झाला तर बिघडतं का? काही निमुळते लांब आहेत, पण त्यांना टोक नाही, शेंडा छाटल्यासारखा आहे. तक्ता बनवणाऱ्याने सोय म्हणून तसं काढलंय की ते तसेच असतात? आणि माझ्याकडे साटीन भरपूर पडलंय, ते चालेल का?

शिवाय यातला प्रत्येक बावटा काय सांगतो हे मला समजून घ्यायचंय. देवीचा ध्वज शिवताना तो कुठे लागणार, कोण लावणार, हे मला ठाऊक असतं. अर्थ कळल्याशिवाय माझा हात चालत नाही. त्या गृहस्थांनी नौदलाचा झेंडाही मोठ्या मापात मागितलाय, तो शिवावा का तेही सांगा.

---

डोलकाठी (नाशिकरोड)

ताई, नौदलात सिग्नलमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. जरा सविस्तर लिहितो.

आधी कापड. साटीन नको. उन्हात ते चमकतं आणि चमकलं की लांबून कुठलाही रंग पांढराच दिसतो. सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि लटकून राहतं. पूर्वी हे बावटे लोकरीच्या विरळ विणीच्या कापडाचे असायचे, बंटिंग म्हणायचे त्याला. आता पॉलिएस्टर वापरतात. धरणावर समुद्रासारखा सततचा वारा नसतो, तेव्हा छत्रीच्या कापडाइतकं हलकं घ्या, म्हणजे झुळूक आली तरी फडफडेल. रंग पाचच लागतात: लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा. लाल आणि निळ्या कापडाचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजत टाकून बघा. रंग सुटला तर पहिल्याच पावसात पांढरा भाग गुलाबी होईल आणि बावटा वाचता येणार नाही.

जोडकामाचा त्या गृहस्थांचा आग्रह बरोबर आहे. समोरचं जहाज कुठल्या बाजूला आहे हे बावट्याला माहीत नसतं, म्हणून दोन्ही अंगं सारखीच स्पष्ट हवीत. काळ्या गोलाचं असं करा: पिवळ्या चौकोनावर काळा गोल शिवून घ्या, कडा आत दुमडून दोन टिपा मारा, मग बावटा उलटा करून मागचं पिवळं कापड शिवणीच्या आतून गोल कापून काढा. दोन्हीकडून एकच काळं कापड दिसेल आणि मध्ये जाडीही राहणार नाही. हा ‘आय’ या इंग्रजी अक्षराचा, म्हणजे इंडिया बावटा (प्रत्येक अक्षराच्या बावट्याला असं एक ठरलेलं नाव असतं). ‘मी डावीकडे वळतोय’ असं तो सांगतो.

लाल-पिवळा तो ऑस्कर. ‘माणूस पाण्यात पडलाय.’ पिवळा त्रिकोण दोरीकडच्या बाजूला खाली, लाल वर आणि उडत्या बाजूला. उरेब ओढीवर आमच्या जहाजावरचे शिंपी एक युक्ती करायचे. त्रिकोण आधी कापायचेच नाहीत. दोन अखंड चौकोन एकावर एक ठेवायचे, खडूने कर्ण आखायचा, कर्णावर टीप मारायची आणि मग दोन्ही अंगांनी जादाचं कापड कातरायचं. शिवण पडेपर्यंत कापडाला ताणायला मोकळी कड मिळत नाही.

मधल्या चौकोनाचं माप मात्र सांभाळा. निळ्यात पांढरा तो पापा, पांढऱ्यात निळा तो सिएरा. पापा बंदरात वर चढला की ‘जहाज निघतंय, सगळ्यांनी जहाजावर या’. सिएरा म्हणजे ‘माझं इंजिन उलटं चालतंय’. मधला चौकोन रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. दुर्बिणीतूनही लांबचा बावटा म्हणजे रंगाचे दोन-तीन ठिपके असतात. चौकोन फार मोठा केलात तर कडेचा रंग हरवतो, फार लहान केलात तर मधला.

छाटलेल्या शेंड्याचे ते आकड्यांचे पेनंट, ते तसेच असतात. शून्य ते नऊ, दहा. तक्त्यात तीन अगदी टोकदार त्रिकोण दिसतील, ते पर्यायी बावटे. हे माझे सगळ्यात आवडते. संच एकच आणि मजकुरात एखादं अक्षर किंवा आकडा दोनदा आला तर काय करायचं? समजा ११०० दाखवायचे आहेत. तर वर एकचा पेनंट, त्याखाली पहिला पर्यायी (म्हणजे पहिल्या जागी जे आहे तेच पुन्हा), मग शून्य, मग तिसरा पर्यायी (तिसऱ्या जागचं पुन्हा). चार जागा भरल्या आणि शून्य एकच वापरलं! आकार चुकवू नका, कारण रंग सारखे असलेल्या जोड्या आहेत. टँगो हा बावटा आणि तीनचा पेनंट, दोन्ही लाल-पांढरा-निळा. किलो आणि पाचचा पेनंट, दोन्ही पिवळा-निळा. तिथे ओळख फक्त आकाराची. अल्फा आणि ब्राव्हो या दोघांना मात्र तुमच्या पताकेसारखी दोन टोकं असतात.

बावट्यांची भाषा जहाजांनी फार जुन्या काळापासून वापरली, पण प्रत्येक आरमाराची वेगळी. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनने जो प्रसिद्ध संदेश दिला तो पॉपहॅम नावाच्या अधिकाऱ्याने रचलेल्या कोशातला. त्यात शब्दांना आकडे दिलेले होते. शेवटचा ‘कर्तव्य’ हा शब्द कोशात नव्हता, तो एकेक अक्षर लावून दाखवावा लागला. व्यापारी जहाजांसाठी ब्रिटिशांनी १८५७ साली कोश काढला, त्यात अठरा बावटे होते आणि सत्तर हजार संदेश. त्यात स्वर नव्हतेच, न जाणो अक्षरं जुळून एखादा अभद्र शब्द दोरीवर चढायचा. आज चालतो तो कोश १९६५ साली ठरला आणि १ एप्रिल १९६९ पासून लागू झाला. नऊ भाषांत छापला. जपानी जहाजाने व्हिक्टर लावला तर ग्रीक खलाशी आपल्या भाषेतल्या पुस्तकात बघतो: ‘मला मदत हवी आहे.’ दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नसला तरी काम होतं. ताई, म्हणून हे बावटे नीट शिवले पाहिजेत.

नौदलाचा झेंडा शिवून देऊ नका. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही युद्धनौका नौदलात आली त्या वेळी जो नवा ध्वज आला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा, त्याचा मला अतिशय अभिमान आहे. पण तो नौदलाच्या जहाजांचा आणि तळांचा आहे. धरणावर मुलांच्या होडीसमोर तिरंगा लावा, तोच शोभतो.

दोरीकडच्या बाजूला जाड पट्टी शिवून तिच्यातून दोर ओवा. दोराच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी, खालच्या टोकाला गाठीचा फास. एकाचा फास खालच्याच्या खुंटीत अडकतो, त्यामुळे घाईतही बावटा उलटा लागत नाही. उडत्या कडेला तीन टिपा मारा. झिजतो तो तिथूनच.

---

वल्हेकर (खडकवासला, पुणे)

डोलकाठी काकांनी जहाजाची बाजू सांगितली. शर्यतीत हेच बावटे वेगळं बोलतात, तेही ताईंना माहीत असावं. मी शर्यती घेतो म्हणून सांगतो.

सुरुवातीला पाच मिनिटं उरली की त्या प्रकारच्या होडीचा बावटा वर आणि भोंगा. चार मिनिटांवर पापा वर. एक मिनिट उरलं की पापा खाली, लांब भोंगा. शून्यावर पहिला बावटा खाली आणि होड्या सुटतात. वेळ धरायची ती बावट्याची. भोंगा वाजलाच नाही तरी नियमाने काही फरक पडत नाही. आठ-दहा वर्षांची मुलं ऑप्टिमिस्टमध्ये (मुलांची छोटी शिडाची होडी) बसून, एका हातात सुकाणू आणि दुसऱ्यात शिडाची दोरी धरून, त्या बावट्याकडे डोळे लावून बसलेली असतात. तो खांबाला गुंडाळून राहिला किंवा अर्ध्यात अडकला तर त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणून हलक्या कापडाचं काकांचं म्हणणं दोनदा वाचा.

कोणी रेषा आधी ओलांडली तर एक्सरे, एक भोंगा. बरेच जण ओलांडून गेले आणि कोण ते कळलं नाही तर पहिला पर्यायी, दोन भोंगे, सगळे परत. वारा पडला तर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा उत्तराचा पेनंट, म्हणजे सुरुवात पुढे ढकलली. जहाजावर तोच ‘तुमचा संदेश समजला’ म्हणून लावतात. नोव्हेंबर, म्हणजे निळ्या-पांढऱ्या सोळा चौकटींचा, तीन भोंग्यांसह वर गेला की शर्यत रद्द.

वेळ कमी असेल तर आधी एवढे करा: पापा, एक्सरे, पहिला पर्यायी, उत्तराचा पेनंट, नोव्हेंबर, सिएरा (मार्ग कमी केला), यँकी (लाइफ जॅकेट घालाच), लिमा, अल्फा आणि हॉटेल. पापा आणि उत्तराचा पेनंट दोन-दोन करा, तेच सगळ्यात जास्त वर-खाली होतात. आणि एक साधा नारिंगी व एक साधा निळा करायला सांगा. नारिंगी सुरुवातीच्या रेषेचं टोक दाखवायला, निळा शेवटच्या रेषेवरच्या होडीला. हे दोन त्या चाळिसात नाहीत, आणि ऐनवेळी कुणाचा तरी टॉवेल शोधावा लागतो. नारिंगीसाठी तुमचा भगवा तागा उपयोगी पडेल, फक्त साटीन नको.

---

थर्डमेट

मी सध्या टँकरवर आहे, मूळचा सिन्नरचा. मावशी, रोजच्या बोलण्याला आता व्हीएचएफ रेडिओ आहे, पण बावटे गेलेले नाहीत. तेल भरताना-उतरवताना ब्राव्हो, तो संपूर्ण लाल, दिवसभर वर असतो आणि रात्री त्याच्या जागी लाल दिवा. पायलट, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा, शिडीवरून चढून डेकवर आला की हॉटेल, पांढरा आणि लाल. तो उतरला की उतरवायचा. नवीन कॅडेटला पहिल्या दिवशी हेच काम मिळतं.

परदेशी बंदरात शिरताना क्युबेक, नुसता पिवळा. पिवळा म्हणजे जहाजावर रोगाची साथ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. आजच्या कोशात त्याचा अर्थ ‘माझं जहाज निरोगी आहे, मला बंदरात मोकळीक द्या’ असा आहे. परवानगी मिळाली की तो खाली येतो आणि त्या देशाचा झेंडा मानाने वर राहतो. शिडाच्या बोटीसुद्धा हे पाळतात. कॅप्टन दिलीप दोंदे २००९-१० साली ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, भारतीयांत पहिले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. गंगापूरच्या मुलांना क्युबेक हातात देऊन ही गोष्ट सांगायला सांगा, त्यांना लगेच कळेल.

---

हर्णैकर

आमच्याकडे कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटलं की होड्या ओढून घेतात. ताईंचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहितो: तो या चाळिसातला नव्हे. बंदराच्या काठीवर दिवसा शंकू आणि ढोल टांगतात आणि रात्री लाल-पांढरे दिवे, एक ते अकरा नंबर. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर अशा इशाऱ्यांची सुरुवात तिथे झाली. तीन नंबर म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. धरणावर त्याची गरज नाही, पण बावटा म्हटल्यावर कोणी तुम्हाला ‘तीन नंबरचा शिवा’ म्हणालं तर शिवायचं काही नसतं.

---

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

काळ्या गोलाची रीत करून पाहिली. मागचं कापड काढल्यावर बावटा उजेडाकडे धरला, काठावरच्या दोन टिपा सोडल्या तर कुठे सावली नाही. ऑस्करही कर्णावर टीप आधी मारून केला, चारही कोपरे गुण्याला लागले. लाल कापडाने मात्र रात्रीत पाणी रंगवलं, ते परत केलं आणि मेन रोडवरून दुसरं आणलं. झुलूचे चार त्रिकोण मध्यभागी एका बिंदूत मिळवायला वेळ लागला. तिथे आठ पदर कापड जमा होतं, सुई अडते. म्हणून आधी दोन-दोन त्रिकोण जोडून मग मधली लांब शिवण एकदम मारली आणि शिवणीचे दाब एक इकडे एक तिकडे वळवले. काळा दोरीकडे, पिवळा वर, निळा उडत्या बाजूला, लाल खाली. तक्त्याशी पुन्हा ताडून पाहिलं.

नौदलाच्या झेंड्याचं त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांना पटलं.

व्हिस्की शिवताना, निळ्यात पांढरा आणि पांढऱ्यात लाल, तो ‘मला वैद्यकीय मदत हवी’ असं सांगतो हे मुलीने तक्त्यावरून वाचून दाखवलं. ती नर्सिंगला आहे. तो बावटा तिनेच पूर्ण केला, मी हात लावला नाही.

काका, एक शेवटचं. ते म्हणतात २६ जानेवारीला किनाऱ्यावरच्या खांबापासून सगळे बावटे माळेसारखे लावायचे. कुठल्याही क्रमाने लावले तर चालतील का? चुकून ‘वाचवा’ असं काही वाचलं जायचं.

---

डोलकाठी

ताई, भीती रास्त आहे. नोव्हेंबरखाली चार्ली लागला तर तो संकटाचाच संदेश होतो.

सणाला जहाज सजवतात तेव्हा नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या शेंड्यावरून मागच्या टोकापर्यंत माळ जाते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. दोन चौकोनी बावटे, मग एक निमुळता, पुन्हा दोन चौकोनी, असं. त्यामुळे रंग आणि आकार सारखे वाटले जातात आणि मजकूर काही होत नाही. आपल्या नदीच्या नावाची ‘गोदावरी’ ही फ्रिगेट (युद्धनौका) १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली आणि २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. सव्वाशे मीटर लांबीची. मुंबईत तिला २६ जानेवारीला सजवलेली पाहिली आहे. नाशिकचा माणूस म्हणून तिथे उभं राहताना ऊर भरून यायचा.

क्रम लिहून घ्या, पुढून मागे: अल्फा, ब्राव्हो, २. युनिफॉर्म, ज्युलिएट, १. किलो, एको, ३. गोल्फ, हॉटेल, ६. इंडिया, व्हिक्टर, ५. फॉक्सट्रॉट, लिमा, ४. डेल्टा, माइक, ७. पापा, ऑस्कर, तिसरा पर्यायी. रोमिओ, नोव्हेंबर, पहिला पर्यायी. सिएरा, टँगो, ०. चार्ली, एक्सरे, ९. व्हिस्की, क्युबेक, ८. झुलू, यँकी, दुसरा पर्यायी.

हे एकोणचाळीस झाले. उत्तराचा पेनंट माळेत घेत नाहीत, तो पेटीतच राहू द्या. माळ सकाळी आठला चढवायची आणि सूर्यास्ताला उतरवायची. ओली असेल तर घडी न घालता रात्रभर दोरीवर वाळू द्या, मग ठेवा.